जोडा कुठं वाजतो?

निवृत्त झाल्यावर माणसानं काय घ्यावं, याबद्दल आपल्या पूर्वजांचं मत पक्कं होतं. संन्यास घ्यावा. मी मोटार घेतली. संन्यास स्वस्त पडला असता, हे आता कळतं. शिवाय संन्याशाला थांबताना आवाज येत नाही.

आमच्या घराण्यात मोटार घेणारा मी पहिलाच. चौतीस वर्षं मी वर्ध्यात पोरांना इतिहास शिकवला, तो सायकलवरून जाऊन-येऊन. त्या सायकलला दोन ब्रेक होते, पण ते नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीसारखे, नुसते मिरवायचे. खरा ब्रेक म्हणजे उजव्या पायातली चप्पल. बजाज चौकात गर्दी दिसली, की पाय खाली सोडायचा आणि चप्पल डांबरावर घासत न्यायची. वर्षाला दोन जोड लागत. पण आवाज म्हणाल तर एक मऊसा फर्र्र, आणि त्याचं निदान करायला कधी कुणाला बोलवावं लागलं नाही.

नव्या गाडीचा आवाज चौथ्या दिवशी सुरू झाला. श्रावणातली रिपरिप होती आणि धाम नदीला पाणी आलंय म्हणून आमच्या हिला पवनारला जायचं होतं. नदीशी पोचता पोचता एक गाय रस्त्याच्या मधोमध चिंतन करत उभी दिसली. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी थांबता थांबता खालून आवाज आला: कीं—ईं—च्! पाटीवर कोरडी पेन्सिल ओढावी तसा. गाय दचकून बाजूला झाली. ही म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच ओरडलात."

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. गाडी चालते किती, तेल खाते किती, हे कुणी विचारीना. भेटेल तो विचारी, "वाजते का अजून?"

आपल्याकडे पोटदुखी आणि मोटार या दोन विषयांत अज्ञानी माणूस सापडत नाही. शेजारचे रेल्वेतले निवृत्त गार्ड म्हणाले, "त्यात काय विशेष? मालगाडीचे बिडाचे ठोकळे चाकांवर बसायचे तेव्हा अर्ध्या वर्ध्याला जाग यायची. आम्ही त्या आवाजावर झोपत होतो." माझे मेहुणे हिंगणघाटचे, कापसाच्या धंद्यातले. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घालून निर्णय दिला, "सरकी अटकली असंन." हिनं लिंबू-मिरची बांधली. आवाज तसाच राहिला, मिरची मात्र दुसऱ्या दिवशी शेजारच्या बकरीनं खाल्ली.

ज्या शोरूमातून गाडी घेतली तिथंही जाऊन आलो. नाव सांगत नाही, कारण चहा चांगला दिला. हातात पाटीसारखं यंत्र घेतलेल्या एका तरुणानं ते गाडीला जोडलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, "काही एरर नाही सर. नवीन गाडी आहे. नॉर्मल आहे." हा 'नॉर्मल' शब्द मी दवाखान्यातही ऐकलेला आहे आणि त्यानंतर दरवेळी पैसेच भरावे लागले आहेत.

एक गोष्ट मात्र मी स्वतः शोधून काढली. समृद्धी महामार्गावर आवाज येत नाही. ही गोष्ट मी मोठ्या आनंदानं सांगितली, तेव्हा ही म्हणाली, "तिथं ब्रेक लावताच कुठं?" खरं होतं ते. येळाकेळीला खाली उतरलो आणि टोलनाक्याशी गाडी हळू केली तोच, कीं—ईं—च्! टोलवाल्यानं खिडकीतून वाकून चाकाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्याच्या नजरेत दया होती.

आता माणसाला दुखणं जडलं, की तो डॉक्टरकडे जातो. इतिहासाचा मास्तर आधी पुस्तकं काढतो. माझ्या आधी हा आवाज कुणाकुणाच्या कानांवर पडला, हे बघावं म्हटलं. आणि काय सांगू तुम्हाला, मोटारीच्या इतिहासात पहिल्या लांब प्रवासाबरोबरच ब्रेकची तक्रारही निघाली!

१८८८ सालच्या ऑगस्टात जर्मनीतल्या कार्ल बेंझची बायको बेर्था ही नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार आणि दोन मुलगे घेऊन मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. इंधन औषधांच्या दुकानातून घेतलं, चोंदलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. पण उतारांवर लाकडी ब्रेक झिजले. तेव्हा या बाईनं काय करावं? वाटेतल्या गावात मोच्याला गाठलं आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचं जगातलं पहिलं अस्तर ते हेच असं म्हणतात. माहेरी जाणाऱ्या बाईच्या वाटेत नुसता उतार किती टिकणार?

पुढची गोष्ट आणखी माझ्या चपलेजवळ येते. इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक गृहस्थ होता. उतारावर मालाच्या घोडागाड्या आवरताना गाडीवान जुने बूट चाकांशी दाबून धरतात, हे त्यानं पाहिलं. तुम्ही-आम्ही हे पाहून पुढं गेलो असतो. त्यानं १८९७ साली त्यातून कारखाना काढला. कारखान्याच्या मालाला नाव देताना आपल्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत एलिझाबेथ या बायकोच्या नावाचं आद्याक्षर घातलं आणि सगळी ढवळून 'फेरोडो' केलं. ब्रेकच्या आतल्या अर्धगोल तुकड्याला आजही 'शू', म्हणजे जोडाच म्हणतात. जोडा कुठं चावतो हे घालणाऱ्यालाच कळतं, असं आपण म्हणतो. माझा जोडा वाजत होता, आणि कुठं ते मलाही कळत नव्हतं.

या फ्रूडनं सुरुवातीला ब्रेकची अस्तरं कशाची केली असतील? विणलेल्या कापसाच्या पट्ट्यांची! हे वाचल्यावर मेहुण्यांच्या सरकीबद्दल मी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली. पण ब्रेक तापला, की कापूस जळे. आणि ब्रेक तापतोच. त्याचं कामच ते. गाडीचा सगळा वेग उष्णता करून टाकायचा, दुसरं तो काही करत नाही.

इतक्यात १९०२ साली फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरनं माझ्या दुखण्याचा थेट पूर्वज काढला. चाकाबरोबर फिरणारी तबकडी आणि ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेक. आज ज्याला आपण डिस्क ब्रेक म्हणतो तो. चिमटीला त्यानं तांबं लावलं होतं. लोखंडावर तांबं घासलं जाऊन तो ब्रेक असा काही किंचाळे की विचारू नका. माझ्या घरी मोलकरीण पितळी परात तारेच्या घासणीनं घासते, त्यावरून मला थोडी कल्पना आहे.

हा आवाज होतो कसा, हे समजायला मात्र मला पुस्तक लागलं नाही. चौतीस वर्षं मी तो रोज काढत होतो. फळ्यावर नवा लांब खडू उभा धरून रेघ ओढा. कीं—च्! सगळा वर्ग कानांवर हात ठेवतो. खडू सरळ घसरत नाही. क्षणभर चिकटतो, मग सुटतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो. हे एका सेकंदात शेकडो-हजारो वेळा झालं, की खडू थरथरतो आणि ती थरथर आपल्याला ऐकू येते. व्हायोलिनच्या गजाचंही तेच आहे. फरक एवढाच, की तिथं तिकीट काढून ऐकतात. यावर प्रत्येक मास्तराला एकच उपाय ठाऊक असतो: खडू मोडून अर्धा करायचा, किंवा थोडा तिरपा धरायचा. फळा तोच, हात तोच, पण थरथर बसत नाही. ब्रेकचं पॅड आणि तबकडी यांच्यातही हीच चिकटाचिकटी असते. पॅडचा काठ, त्याच्या पाठीमागची पकड, मधली फट, कुठं जरा कमीजास्त झालं, की खडू गायला लागला.

आमच्या वर्ध्यानं हा प्रश्न फार पूर्वी मुळापासून सोडवला होता, हेही सांगून टाकतो. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. त्या काळात जमनालाल बजाजांच्या एका फोर्ड मोटारीला चक्क बैल जुंपले होते आणि गांधीजी त्या वाहनाला 'ऑक्सफर्ड' म्हणत, असं आमच्याकडे सांगतात. ऑक्स म्हणजे बैल, पुढं फोर्ड. त्या गाडीला थांबवायला गाडीवानानं 'हो, हो' म्हटलं की भागत असणार. तिथं ब्रेक वाजला अशी तक्रार मला कुठल्याही चरित्रात आढळली नाही.

पण जगाला ऑक्सफर्ड परवडणारी नव्हती. लँचेस्टरच्या किंचाळीवर उतारा फ्रूडनंच काढला. १९०७-०८च्या सुमारास त्यानं अस्तरात ॲस्बेस्टॉस आणला. हा दगडच, पण पिंजला तर त्याचे धागे निघतात. दगडाचा कापूसच म्हणा ना! जळत नाही, पकड सोडत नाही आणि फारसा बोंबलतही नाही. ब्रेकवाल्यांना याहून काय हवं? पुढं सत्तरेक वर्षं जगातल्या बहुतेक मोटारी याच दगडाच्या सुतावर थांबल्या. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट, १९७४ पासून जिचं नाव पद्मिनी झालं ती, आपल्या चारही चाकांना बंद डब्यांसारखे ड्रम घेऊन अख्खा महाराष्ट्र फिरली. त्यांच्या आत हेच लायनर बसत.

या सुताची दुसरी बाजू मला माहीत नव्हती असं नाही. इंग्लंडात रॉचडेल गावी नेली केरशॉ नावाची एक बाई कारखान्यात ॲस्बेस्टॉसचं सूत कातत असे. १९२४ साली, तेहतिसाव्या वर्षी, छातीत धूळ बसून ती गेली. तिच्या फुप्फुसात ते धागे सापडले आणि डॉक्टर विल्यम कुक यांनी ते त्याच साली छापून जगाला सांगितलं. मालकांनी भरपाई दिली नाही. सूत म्हटलं, की आम्हा वर्धेकरांना चरखा आठवतो. सूतकताईनं कुणाचा श्वास जातो, हे डोक्यात शिरायला वेळ लागतो. ब्रिटनला तर ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घालायला १९९९ साल उजाडलं. आपल्याकडं तो सिमेंटच्या पत्र्यांतून अजून अनेकांच्या डोक्यावर आहे.

हे सगळं वाचून झालं, वहीत टिपून झालं. आवाज जिथल्या तिथं होता. शेवटी ही म्हणाली, "आता त्या आर्वी नाक्याच्या मिस्त्रींना दाखवा. त्यांना इतिहास येत नाही, पण गाडी येते."

मिस्त्री आता सत्तरीच्या पुढं आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांचं गॅरेज म्हणजे एक कडुनिंब आणि त्याखाली एक फियाट, एवढंच होतं. सायकलमध्ये हवा भरायला मी तिथं थांबत असे. मिस्त्री ड्रम खोलून त्यात तोंडानं जोरात फुंकर मारत, किंवा हवेचा पाइप लावत. राखाडी धुळीचा लोट उठे आणि पिठाच्या गिरणीतून बाहेर यावा तसा हा माणूस त्यातून हसत बाहेर येई. पापण्यासुद्धा राखाडी. मला तेव्हा गंमत वाटे.

"काय झालं जी सर?"

"ब्रेक वाजतो."

गाडी कुठल्या कंपनीची, किती पळाली, हे त्यांनी विचारलंच नाही. वैद्यानं नाडी धरावी तसे ते बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. "सकायी-सकायी दोन-तीन खेप वाजते अन् मंग बंद होते का? मंग तो गंज हाये. रातभर पान्यात उभी राह्यली का तव्याले गंज धरते. घासू घासू जाते."

"नाही, दिवसभर वाजतो."

"ब्रेक नाई मारला तरीबी घासते? मंग मधात खडा अटकला असंन."

"नाही. ब्रेक लावल्यावरच."

"जोरात दाबल्यावर पायाखाली गर्रर्र करून थरथरते?"

"नाही."

"तसं झालं असतं त भ्याचं नाई. ते एबीएस असते. चाक घसरू देत नाई." मग जरा थांबून, "हयू मारला, गाडी थांबाले आली, का शिट्टीवानी वाजते?"

"अगदी तसंच!"

"मंग पॅडातच हाये जी. कोन्त्या चाकात?"

ते मला सांगता येईना. आत बसलं, की आवाज सगळीकडून येतो. मिस्त्रींनी हाक मारली आणि आतून त्यांचा नातू आला. सतरा-अठरा वर्षांचा, आयटीआयला शिकणारा. "मले बारीक आवाज आयकू येत नाई आता," मिस्त्री म्हणाले. "ठोकू ठोकू कान गेले. पोट्टा आयकते."

मग आर्वी नाक्याच्या त्या गल्लीत जो प्रकार झाला तो सांगायला संकोच वाटतो. मी गाडी चालण्याच्या गतीनं पुढं न्यायची आणि ब्रेक लावायचा. पोरगा एकदा डाव्या बाजूनं, एकदा उजव्या बाजूनं कान लावून बरोबर चालणार. कीं—च्! मागं घ्या. पुन्हा. कीं—च्! तिसऱ्या फेरीला माणसं जमली. एक गृहस्थ पिशवी खाली ठेवून म्हणाले, "बंद पडली का जी? धक्का मारू?" माझा एक जुना विद्यार्थी स्कूटर थांबवून पाया पडायला आला आणि मी त्याला आशीर्वाद देताना ब्रेक लावला. सातव्या फेरीला पोरानं हात वर केला. "आबा, पुढचं डावं!"

चाक निघालं, चिमटा खुलला, पॅडं बाहेर आली. दहा मिनिटांत आजार हातात होता. पॅडच्या पाठीला रबराचं अस्तर असलेला एक पातळ पत्रा बसवलेला असतो. शिम म्हणतात त्याला. पॅड थरथरलं, तर ती थरथर पिऊन टाकणं एवढंच त्याचं काम. माझ्या गाडीत आतल्या पॅडवरच्या शिमचा एक कान वाकला होता आणि पत्रा अर्धा सरकून बसला होता. नव्या कोऱ्या गाडीत, कारखान्यातून येतानाच. म्हणजे लाखो रुपयांच्या वस्तूत पोस्टकार्डाएवढासुद्धा नसलेला एक पत्रा आपल्या जागी नव्हता. शोरूमातल्या पडद्यावर तो दिसणार कुठून?

मिस्त्रींनी कान सरळ केला, शिम बसवली, पाठीला तापमान सोसणारं वंगण बोटभर लावलं आणि कानसीनं पॅडच्या दोन्ही कडा जराशा तिरप्या केल्या. मी ओरडलोच, "खडू तिरपा धरला!" त्यांना काही कळलं नाही.

कानसीची काळी पूड पॅडवर जमली होती. मिस्त्रींनी सवयीनं पॅड तोंडाजवळ नेलं, गाल फुगवले. पोरानं मधेच हात धरला.

"आबा, फुकू नका."

आणि ओल्या फडक्यानं त्यानं पॅड पुसून काढलं.

"मले शिकवते," मिस्त्री माझ्याकडं बघून हसले. हसता हसता खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. पोरानं खिशातून दम्याचा पंप काढून त्यांच्या हातात दिला. एवढ्या सराईतपणानं दिला, की हे दिवसातून कितीदा होत असेल ते मला विचारावं लागलं नाही.

"फोटो काढला होता जी छातीचा," दम बसल्यावर ते म्हणाले. "डाक्टरनं इचारलं, बिडी पेता का? म्या म्हटलं, पेतो. मंग त्यानं दुसरं काई इचारलंच नाई."

माझ्या खिशात वही होती. तीत १९०७ होतं, १९२४ होतं, नेली केरशॉ होती. चौतीस वर्षं मी तारखा सांगत आलो, कधी अडखळलो नाही. मी तोंड उघडलं आणि एवढंच विचारलं, "लायनरच्या धुळीचं सांगितलंत का त्यांना?"

"त्यात काय सांगाचं? धूय ते धूय."

"सांगा. पुढच्या वेळेला आठवणीनं सांगा. फियाटचे लायनर चाळीस वर्षं घासले, फुंकले, असं सांगा. मी येतो बरोबर, हवं तर."

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. पोरगा मात्र हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. मग आत गेला आणि नव्या पॅडचं एक रिकामं खोकं घेऊन आला. त्याच्यावर कोपऱ्यात, बारीक इंग्रजी अक्षरांत, यात ॲस्बेस्टॉस नाही असं छापलेलं होतं. "आम्हाला कॉलेजात दाखवलं सर," तो म्हणाला. "जुन्या खोक्यांवर असं नसायचं, नाही का?"

"जुन्याले खोकंच नव्हतं बे," मिस्त्री म्हणाले. "कागदात गुंडाळून येत होतं."

चाक चढलं. शेवटची फेरी घ्यायची म्हणून मिस्त्री स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले. गल्लीच्या टोकाशी मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हळू झाली, थांबली. काही नाही. नुसती वायपरची घसघस. मी पुन्हा पुढं घेतली, पुन्हा थांबवली. काही नाही.

मिस्त्री काचेतून समोर बघत बसले होते. मग त्यांनी मलाच विचारलं, "गेला का जी आवाज?"